बाबांचा जुना लॅपटॉप लिनक्सवर न्यावा का?

कोथरूडची

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

बाबा ७६ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गेली ८ वर्षं कऱ्हाकाठच्या विहिरी आणि बारवांच्या नोंदी करतायत. सासवडपासून मोरगावपर्यंत गावोगाव हिंडतात, पायऱ्या मोजतात, कोनाड्यातला लेख उतरवून घेतात आणि रात्री बसून टाइप करतात. चारशेवर फाइली झाल्यात. सगळं काम २०१६ साली घेतलेल्या लॅपटॉपवर. आय-फाइव्ह, सहावी पिढी, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे तो रस्ता बंद. परवा बाबांना घेऊन एका दुकानात गेले. मालकाने लॅपटॉप उघडूनही न बघता सांगितलं, "भंगार झालं काका, नवा घ्या." बाबा परत येताना रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. घरी चप्पल काढता काढता म्हणाले, "रोज चालतंय ते भंगार कसं?"

तेव्हापासून मला चैन नाही. कीबोर्ड धड, पडदा धड, बिजागरीसुद्धा घट्ट. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी दुसरी सिस्टिम, एवढं ऐकून आहे, वापरलेलं नाही. बाबांचं काम म्हणजे मराठी टायपिंग (इनस्क्रिप्ट कीबोर्डवर), छपाई, बँक, आणि रविवारी दादाशी व्हिडिओ कॉल. हे सगळं होईल का? आई-बाबा सदाशिव पेठेत राहतात, मी कोथरूडला. रोज जाणं होत नाही.

पेंग्विनपेठ

होईल. बिनधास्त करा.

लिनक्सचा मिंट हा प्रकार घ्या, त्यातली सिनॅमन नावाची पडद्याची मांडणी. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, बाबांना बुजल्यासारखं होणार नाही. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारावर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. ८ जीबी रॅम त्याला भरपूर झाली. फायरफॉक्स ब्राउझर आणि लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं) सोबतच येतात.

आधी काहीच पुसू नका. पेन ड्राइव्हवर मिंट चढवा, लॅपटॉप त्यावरून चालू करा आणि तासभर वापरून बघा. वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड तिथेच कळतं. हार्डडिस्कला हात लागत नाही.

सिंहगड_रोड

आधी बॅकअप. मग बॅकअपचा बॅकअप. मग पुढचं बोला.

ताळेबंद

मी विरोधात लिहितोय, राग मानू नका.

माझं छोटं कार्यालय आहे, कर सल्ल्याचं. २०१९ साली उत्साहाच्या भरात पाचही संगणक उबुंटूवर नेले. टॅली फक्त विंडोजवर चालतं. वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) चालवायचा खटाटोप केला, पण ऐन मार्चअखेरीस खेळ कोण करणार? डिजिटल सहीचं टोकन एका यंत्रावर चाललं, दुसऱ्यावर नाही. क्लायंटकडून येणाऱ्या एक्सेलमध्ये मॅक्रो असायचे, ते लिबरऑफिसमध्ये अडायचे. आठ महिन्यांत चार संगणक परत फिरवले.

आणि हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. जर्मनीत म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत जवळजवळ १५,००० संगणक हलवले, आणि २०१७ मध्ये विंडोजवर परत जायचा ठराव केला. एवढ्या मोठ्या शहराला निभावलं नाही. ७६ वर्षांच्या माणसाला प्रयोगशाळेत कशाला बसवायचं?

पेंग्विनपेठ

ताळेबंद, टॅलीचं म्हणणं सोळा आणे मान्य. ऑटोकॅड, कोरलड्रॉ, फोटोशॉप यांचंही तेच. यावर पोट असेल त्याने विंडोज सोडू नये, मी स्वतः कुणाला तसा सल्ला देत नाही.

पण म्युनिकचा दाखला अर्धाच राहिला. त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिबरऑफिसवर आणि पुढे लिनक्सवर न्यायचं जाहीर केलं. आणि बाबांना ना टॅली लागत, ना सहीचं टोकन.

ताळेबंद

पाचवा संगणक आमच्याकडे अजून उबुंटूवरच आहे. त्यावर पत्रव्यवहार आणि स्कॅनिंग चालतं. सहा वर्षांत एकदाही फॉरमॅट करावा लागलेला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. म्हणजे माझं म्हणणं एवढंच, की बाबा दिवसभरात नेमकं काय काय उघडतात त्याची आधी यादी करा. "बँक" म्हणजे ब्राउझर की आणखी काही? "छपाई" म्हणजे कुठला प्रिंटर? यादी न करता मी उडी मारली होती.

दुपारचा_चहा

मी तांत्रिक माणूस नाही, मराठी शिकवते. पण ब्राउझरमधून बँक आणि व्हिडिओ कॉल दोन्ही मी दोन वर्षं लिनक्सवर करतेय. आयकर विवरणपत्रही संकेतस्थळावरच भरलं.

मला वेगळंच सांगायचंय. लोक याला "फुकटचं" म्हणतात तेव्हा वाईट वाटतं. इंग्रजीत मुक्त आणि फुकट दोन्हींना "फ्री" हा एकच शब्द असल्याने त्यांना सारखं समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे मुक्त आणि फुकट हे सरळ दोन शब्द आहेत, मग आपण चुकीचा का वापरावा? मुक्त म्हणजे ते उघडून बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे एका प्रिंटरची गोष्ट आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला. तो सारखा कागद अडकवायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी सोय केली होती की कागद अडकला की सगळ्यांना निरोप जायचा. नव्याचा प्रोग्रॅम बंद होता, बघायला मागितला तर मिळाला नाही. प्रिंटर समोर, दुरुस्त करायची अक्कल अंगात, आणि हात बांधलेले. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली खुला केला, म्हणून आज आपण हा लॅपटॉप वाचवायच्या गोष्टी करतोय.

बाबांनी विचारलं ना, "चालतंय ते भंगार कसं"? तो प्रश्न याच जातीचा आहे.

सह्यकडा

अवांतर: बाबांच्या नोंदी वाचायला मिळतील का? मोरगावच्या आसपासच्या बारवा पाहिल्यात, पायऱ्यांची संख्या कुणी लिहून ठेवतंय हे ऐकूनच बरं वाटलं.

रात्रपाळी

हिंजवडीत सर्व्हर सांभाळतो, रोजचा संबंध लिनक्सशीच. तीन गोष्टी, अनुभवाच्या.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवणार असाल तर आधी डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) आहे का ते तपासा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर एका सकाळी डिस्क ४८ आकडी किल्ली मागेल आणि ती कुणाकडेच नसेल. फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून ते ड्राइव्ह फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत.

तिसरी खास आपल्या देशातली. दोन्ही सिस्टिम एका यंत्रावर असल्या की विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. माझ्या सासऱ्यांनी सेल बदलून घेतला, तरी घड्याळ मागेच. शेवटी टर्मिनलमध्ये एका ओळीने लिनक्सला सांगितलं की स्थानिक वेळ लिही, आणि भांडण मिटलं.

पण ताई, तुमच्या जागी मी दोन सिस्टिम ठेवणारच नाही. २५६ जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या. जुनी हार्डडिस्क काढून तिला तापकीर गल्लीत मिळतं तसं यूएसबीचं कव्हर घाला आणि कपाटात ठेवा. एसएसडीवर मिंट बसवा. काहीच पुसलं जात नाही, आणि नाही जमलं तर स्क्रू काढून जुनी डिस्क परत आत. शिवाय त्या लॅपटॉपचा खरा अडसर ती फिरणारी डिस्क आहे.

सिंहगड_रोड

रात्रपाळी यांना +१. आणि मिंट उतरवल्यावर फाइलचा चेकसम (ती जशीच्या तशी आलीय का ते सांगणारा आकडा) पडताळा. २०१६ च्या फेब्रुवारीत मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन थोडा वेळ बिघडवलेली फाइल लोकांना मिळत होती. पडताळायला दोन मिनिटं लागतात.

भोरचे_मास्तर

उशिरा आलो. पुण्यातून काही स्वयंसेवक मुलं आमच्या शाळेत आली होती, दान मिळालेल्या सात संगणकांवर लिनक्स बसवून गेली. मुलं खूश. टक्स पेंटमध्ये बैलपोळ्याची चित्रं काढली. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षे हेच चालतं हे मला ठाऊक होतं, म्हणून मीच आग्रह धरला होता.

पुढे काय झालं ते ऐका. पावसाळ्यात दोन यंत्रं सुरू होईनात. ज्याचा नंबर आमच्याकडे होता तो मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला गेलेला. तालुक्यातला दुरुस्तीवाला म्हणाला, "हे आपल्याला येत नाय, विंडोज टाकतो." चार महिने खोलीला कुलूप. मला रात्री झोप लागायची नाही, सात यंत्रं आणि साठ पोरं. शेवटी वही घेतली, त्या मुलाला रोज रात्री फोन केला आणि एकेक पायरी लिहून काढली. रॅमच्या पट्ट्या काढून पुसून बसवल्या तशी यंत्रं सुरू झाली. बिघाड लिनक्सचा नव्हताच.

म्हणून माझा प्रश्न एकच. बाबांचा संगणक मंगळवारी दुपारी अडला तर फोन कुणाला? त्याचं उत्तर पक्कं असेल तर उद्या बसवा. नसेल तर कुठलीही सिस्टिम घ्या, फरक पडणार नाही.

कोथरूडची

मास्तर, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. म्हणाले, "हा माणूस खात्यात असता तर कालवे वेळेवर झाले असते."

ताळेबंद म्हणतात तशी यादी केली. त्यात एक भलतंच निघालं. पहिल्या दोन वर्षांच्या ६० फाइली बाबांनी टाइपच केलेल्या नाहीत, पेठेतल्या एका डीटीपीवाल्यांकडून करून घेतल्या होत्या. पेन ड्राइव्हवरच्या मिंटमध्ये त्या उघडल्या तर इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा नुसता चिवडा. पोटात गोळा आला. बाकीच्या फाइली व्यवस्थित दिसतायत. या साठांचं काय?

खिळेजुळणी

घाबरू नका, मजकूर शाबूत आहे. पंचवीस वर्षं नारायण पेठेत हेच काम करतोय.

त्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारख्या दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाहीत. त्या काळात आम्ही सगळे जुन्या फॉन्टांत काम करायचो. फाइलीत "क" नसतोच, तिथे इंग्रजी अक्षराचा किंवा खुणेचा आकडा असतो आणि फॉन्ट त्या जागी "क"चं चित्र काढतो. तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही यंत्रावर चिवडाच दिसेल, मग विंडोज असो की लिनक्स. फाइलीत फॉन्टचं नाव असतं, ते बघा आणि मला कळवा. त्या फॉन्टचा परिवर्तक चालवला की मजकूर युनिकोडमध्ये येतो. नंतर एकदा डोळ्याखालून घालावा लागतो. रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडची तिकडे होते, कारण जुन्या पद्धतीत त्या दिसतात त्या क्रमाने टाइप व्हायच्या.

हे काम आज ना उद्या करावंच लागणार होतं. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जणांची पुस्तकं अशा फाइलींत अडकून पडली आहेत, छापील प्रत उरली तीच खरी. तुमच्या बाबांच्या ८ वर्षांचं तसं होऊ नये.

आणखी एक, त्यांच्या नदीचंच नाव असल्यामुळे सांगतो. "कऱ्हा" हा शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग ह, ही एक. साधा र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह आणि ह, ही दुसरी. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, पण शोधायला गेलात तर बऱ्याचदा एकीला दुसरी सापडत नाही. सगळ्या फाइलींत एकच तऱ्हा करून घ्या. इनस्क्रिप्टमध्ये र च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की ऱ येतो.

माझं स्वतःचं यंत्र विंडोजवरच आहे, कोरलमुळे. पण पुस्तकाच्या पानजुळणीसाठी स्क्रायबस १.६ वापरून पाहिलं, जोडाक्षरं नीट येतात. जुन्या १.४ मध्ये ती तुटायची.

दुपारचा_चहा

खिळेजुळणी, "कऱ्हा"ची ही भानगड मला माहीतच नव्हती. माझ्या शब्दसूचीत "दऱ्या" शोधल्यावर निम्मेच का सापडतात ते आत्ता कळलं. मनापासून आभार.

नवशिका

एक शंका. ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही, फोनेटिक लिहायची सवय आहे, त्यांचं लिनक्समध्ये काय?

पेंग्विनपेठ

आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं बसवा. मराठीच्या यादीत इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक आणि चक्क गमभनसुद्धा आहे. गमभनवर हात बसलेल्यांना काही नवं शिकायला नको.

रात्रपाळी

ताई, प्रिंटरचं काय निघालं?

कोथरूडची

तीन आठवड्यांनी लिहितेय, खबर द्यायची राहू नये म्हणून.

रात्रपाळी सांगतात तसंच केलं. एसएसडी बसवली, जुनी डिस्क कव्हर घालून आईच्या साड्यांच्या कपाटात. मिंट बसायला अर्धा तासही लागला नाही. पूर्वी बाबा बटण दाबून चहा टाकायला जायचे, आता चहाचं आधण ठेवायच्या आत यंत्र तयार असतं.

पहिला शब्द त्यांनी काय टाइप करावा? "कऱ्हा". सावकाश, एकेक कळ बघून. तो उमटला तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, "रफार आडवा आलाय बघ, बरोब्बर." मग तासभर उठले नाहीत.

प्रिंटरने मात्र घाम काढला. जुना लेझर, यूएसबीचा, त्याला कंपनीचाच खास ड्रायव्हर लागतो आणि लिनक्ससाठी तो नीट मिळेना. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी दादाने वायफायवाला नवा प्रिंटर घेऊन दिला, तो मिंटने आपणहून ओळखला, ड्रायव्हर टाकावाच लागला नाही. म्हणजे खर्च झालाच, लपवत नाही. एसएसडी, कव्हर आणि प्रिंटर मिळूनसुद्धा नव्या लॅपटॉपपेक्षा पुष्कळ कमी, पण शून्य नव्हे.

आईला जुना पत्त्यांचा खेळ हवा होता, तसाच एक सापडला. पडद्यावर लिनक्सचं बोधचिन्ह असलेला पेंग्विन लावलाय, त्याला ती बदक म्हणते. "बदक आलं का?" विचारते, म्हणजे यंत्र सुरू झालं का.

मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर: वरच्या मजल्यावर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा राहतो. त्याला सोबत बसवूनच सगळं केलं. बाबांनी मास्तरांसारखीच वही घातलीय, निळ्या शाईने पायऱ्या लिहिल्यात. टाइमशिफ्टने जुन्या स्थितीवर कसं परतायचं ते पान नंबर तीनवर आहे. गेल्या आठवड्यात एकदा आवाज गेला होता, तर मला फोनच केला नाही. वही बघून स्वतः आणला, मग सांगायला फोन केला.

साठपैकी ४१ फाइली युनिकोडमध्ये आल्या. खिळेजुळणी काकांनी पहिल्या दहा स्वतः तपासून दिल्या आणि पैसे घ्यायला नाही म्हणाले. बाबा त्यांना भेटायला नारायण पेठेत गेले होते, दोघं अडीच तास बोलत बसले.

ताळेबंद

वाचून आनंद झाला. प्रिंटरचा खर्च उघड लिहिलात हे फार बरं केलंत, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल. ती जुनी डिस्क वर्षातून दोनदा तरी लावून बघा, नुसती कपाटात ठेवून विसरू नका.

भोरचे_मास्तर

त्या वहीचे फोटो पाठवाल का? आमच्या पोरांना दाखवतो, ७६ व्या वर्षी माणूस कसा शिकतो ते.

कोथरूडची

बाबांना विचारून पाठवते, मास्तर. त्यांचं नवं टुमणं ऐका आता. सगळ्या विहिरी एका नकाशावर हव्यात, नावं मराठीत, आणि विहिरीवर टिचकी मारली की पायऱ्यांचा आकडा दिसायला हवा. हे होतं का या लॅपटॉपवर?

सह्यकडा

होतं. क्यूजीआयएस नावाचा मुक्त प्रोग्रॅम आहे, मिंटवर छान चालतो, देवनागरी नावंही येतात. मी गडांच्या पाण्याच्या टाक्यांसाठी तोच वापरतो. बाबांकडे अक्षांश-रेखांश आहेत का?

कोथरूडची

१२६ विहिरींचे आहेत. बाकीच्यांसाठी पुन्हा हिंडणार म्हणतायत.

सह्यकडा

मग १२६ पासून सुरू करू. शनिवारी दुपारी पेठेत येऊ का? आणि उरलेल्यांसाठी ते निघाले की मलाही कळवा, गाडी माझी.